शब्दाला २० पैसे? कंटेंट रायटिंगचा दर उसाच्या एफआरपीसारखा काढून बघूया

गेल्या महिन्यात गारगोटीकडच्या एका मुलीचा मेसेज आला. शिवाजी विद्यापीठात एमए करतेय, बाबांचा ऊस आहे, घरी दोन म्हशी. तिला एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरनं काम मिळालं होतं, वेबसाइटसाठी हजार-हजार शब्दांचे लेख लिहायचे, शब्दाला २० पैसे, रोज एक लेख, पैसे महिन्यानं. "ताई, हा रेट बरोबर आहे का?" एवढंच विचारलं होतं तिनं.

मी तिला फोनच केला, कारण याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, आणि बोलता बोलता लक्षात आलं की उसाचं उदाहरण दिलं की तिला सगळं पटापट समजतंय. आपल्याकडं दर वर्षी हंगामाच्या तोंडावर दरावरनं रान पेटतं, जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, गाड्या अडवल्या जातात, आणि दहावी नापास शेतकरी सुद्धा रिकव्हरी (उसातनं किती टक्के साखर निघते ते) आणि एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर) यावर तासभर बोलू शकतो. पण त्याच घरातली शिकलेली पोरगी लॅपटॉपवर लिहायला बसते तेव्हा स्वतःच्या कामाचा दर कसा काढायचा हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं, समोरचा जो आकडा टाकतो तो ती घेते. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी हे काम म्हणजे नेमकं काय

तुम्ही एखाद्या दवाखान्याची, हॉटेलची, कपड्याच्या दुकानाची वेबसाइट उघडता तेव्हा तिथं जे वाचता ते कुणीतरी लिहिलेलं असतं. वस्तूची माहिती, लेख, प्रश्नोत्तरं, सगळं. त्याला म्हणतात वेब कंटेंट. फ्रीलान्स म्हणजे पगारावर नाही, कामागणिक पैसे. आणि एसईओ हा शब्द सारखा कानावर येईल, तो म्हणजे लोकांनी गुगलवर शोधलं की आपलं पान वरच्या बाजूला दिसावं म्हणून केलेली मांडणी. एवढे तीन शब्द कळले की पुरे.

यात नोकर-मालक असं नातं नसतं. त्यामुळं किमान वेतनाचा कायदा आपल्याला लागू होत नाही. शब्दाला ५ पैसे देणाऱ्यावर सुद्धा त्या कायद्याखाली तक्रार करता येत नाही, म्हणून आपला तळाचा आकडा आपल्यालाच माहीत असायला लागतो.

२० पैशाचा हिशोब मांडून बघू

हजार शब्द गुणिले २० पैसे, म्हणजे लेखाला २०० रुपये. ती म्हणाली ताई दिवसाला २०० म्हणजे महिन्याला ६ हजार, वाईट काय आहे. मी म्हटलं वेळ किती लागतो ते सांग. तिनं पहिला लेख लिहिला होता त्यावरनं आम्ही फोनवरच मोजलं, माहिती शोधायला दीड तास, लिहायला दोन तास, परत वाचून नीट करायला पाऊण तास, आणि समोरच्यानं सांगितलेले बदल, फोटो शोधून लावणं यात पाऊण तास. पाच तास झाले.

२०० भागिले ५, तासाला ४० रुपये. आठ तासाचा दिवस धरला तर ३२० रुपये.

आता २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. फरक आठ रुपयांचा, आणि त्या आठ रुपयांत लॅपटॉप तुझा, नेट तुझं, लाइट तुझी, पाठीचं दुखणं पण तुझंच. रोजगार हमीचं काम हलकं म्हणून मी हे सांगत नाहीये, उन्हात खडी उचलणाऱ्या बाईला ३१२ सुद्धा कमीच आहेत. पण तिचा आकडा निदान कागदावर आहे, दर वर्षी जाहीर होतो, त्यापेक्षा कमी दिला तर बोलता येतं. आमच्या धंद्यात तसा कागदच नाही.

एफआरपी कशी ठरते ते आठवा

एफआरपी म्हणजे उसाला कारखान्यानं द्यायचा किमान रास्त आणि किफायतशीर दर. २००९ च्या आधी एसएमपी, म्हणजे कायद्यानं ठरवलेली किमान किंमत होती, मग एफआरपी आली. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के रिकव्हरीला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०, असा दर केंद्रानं ठरवला.

हा आकडा हवेतनं येत नाही. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे, त्यात दर ठरवताना काय काय बघायचं ते लिहिलंय. उत्पादन खर्च. त्याच रानात दुसरं पीक घेतलं असतं तर काय मिळालं असतं ते. उसातनं साखर किती निघते. साखरेला भाव काय. मळी, बगॅस (उसाचा चोथा) अशा जोडउत्पादनातनं काय मिळतं. आणि वर जोखीम आणि नफा यासाठी वाजवी वाढ. शेतकऱ्याला तो आकडा पुरतो का हा वाद आहेच आणि तो खरा वाद आहे, पण मांडणी बघा किती शहाणपणाची आहे. शेजाऱ्यानं किती दरानं ऊस घातला हे त्यात कुठंच नाही.

आणि आमच्यात? आमच्यात दर ठरतो तो फक्त शेजारी किती घेतो यावर.

मग आपली एफआरपी काढूया

समजा पूर्ण वेळ हेच काम करायचंय, कोल्हापुरात राहायचंय आणि हातात महिन्याला ३० हजार पाहिजेत. हे मी उदाहरणाला धरतेय, तुमचा आकडा तुम्ही घाला.

उत्पादन खर्च बघू. ४५ हजाराचा लॅपटॉप तीन वर्षं चालला तर महिन्याला १,२५० पडतात. नेटचे ७००, लाइट आणि इन्व्हर्टरचे ५५०, आरोग्य विम्याचे महिन्याला हजार, फोन आणि बारीकसारीक ५००. झाले ४ हजार. मग जोखीम, म्हणजे दिवाळीत काम थांबतं, कधी आजारपण, कधी एखादा क्लायंट पैसे बुडवतो, कधी महिनाभर नवीन कामच नाही. त्याला ६ हजार बाजूला ठेवा. एकूण ४० हजार.

आता तास. इथं जवळजवळ सगळेच चुकतात. २५ दिवस गुणिले आठ तास म्हणजे २०० तास, पण या २०० तासांचे पैसे कुणी देत नाही. काम शोधण्यात, फोनवर बोलण्यात, बिल पाठवण्यात, बिलाची आठवण करून देण्यात, नवीन काही शिकण्यात बराच वेळ जातो. माझ्या अनुभवात खरे पैसे मिळणारे तास १२० च्या आसपास राहतात.

४० हजार भागिले १२०, तासाला ३३३ रुपये. पाच तासाचा लेख म्हणजे साधारण १,६६५ रुपये, शब्दाला १ रुपया ६६ पैसे. तीन तासात होणारा सोपा हजार शब्दांचा लेख असेल तर तोच दर १ रुपयाच्या आसपास येतो.

त्या मुलीचं वेगळं आहे. ती घरी राहते, शिकतेय, तिला भाडं नाही. तिच्यासाठी १२ हजार हातात, २ हजार खर्च, २ हजार जोखीम असं धरलं, १६ हजार भागिले १२०, तासाला १३३ रुपये, लेखाला ६६५. शब्दाला ६६ पैसे. म्हणजे शिकाऊ माणसाच्या सगळ्या सवलती देऊन सुद्धा २० पैशाच्या तिपटीच्या वर आकडा जातोय. आणि पर्यायी पीक बघा, ती गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेते, त्यात तिला तासाला ४० पेक्षा जास्तच सुटतात. मग ते सोडून इथं का बसायचं, हे तिला स्वतःलाच हिशोब मांडल्यावर दिसलं.

शब्दावर दर घेणंच मुळात अवघड आहे, मराठीत तर जास्तच

दूध डेअरीत घालणारा माणूस कधी म्हणतो का की लिटर बघा आणि पैसे द्या? फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) किती, त्यावर दर. पातळ दूध दहा लिटर घातलं म्हणून कुणी जादा देत नाही. पण शब्दावर पैसे म्हणजे निव्वळ लिटरवर पैसे, लिहिणारा मग पाणी घालायला शिकतो, जे चार ओळीत सांगता आलं असतं ते चाळीस ओळीत ओढतो, आणि वाचणारा वैतागून पान बंद करतो. यात क्लायंटचं पण नुकसानच आहे.

मराठीत लिहिणाऱ्याला याचा आणखी एक फटका बसतो आणि त्यावर कुणी बोलत नाही. आपली भाषा शब्दाला प्रत्यय चिकटवते. 'घराच्या अंगणातल्या झाडाखाली' हे तीन शब्द झाले. हेच इंग्रजीत 'अंडर द ट्री इन द कोर्टयार्ड ऑफ द हाऊस', नऊ शब्द. शब्दाला २० पैसे धरले तर इंग्रजीवाल्याला १ रुपया ८० पैसे आणि मराठीवाल्याला ६० पैसे, मजकूर तोच. प्रत्येक वाक्यात एवढा फरक पडत नाही, पण पडतो. त्यात वर मराठीचा दर आधीच इंग्रजीपेक्षा कमी लावतात. अनुवादाचं काम घेत असाल तर निदान एवढं करा, शब्द मूळ इंग्रजी मजकुरातले मोजायचे असं आधीच ठरवून घ्या.

मी स्वतः आता शब्दावर दर सांगतच नाही. तास मनात मोजते आणि अख्ख्या लेखाचा किंवा पानाचा एक आकडा सांगते. ज्यांचं दर महिन्याला काम असतं त्यांच्याशी महिन्याची रक्कम ठरवते, अमुक इतके लेख, अमुक इतके बदल. क्लायंटला शब्दावरच दर हवा असेल तर माझ्या आकड्याला शब्दांनी भागून सांगते.

तोडणी-वाहतूक कुणाच्या अंगावर?

महाराष्ट्रात एफआरपीतनं तोडणी-वाहतूक, म्हणजे ऊस तोडून कारखान्यापर्यंत नेण्याचा खर्च, वजा होते हे शेतकऱ्याला पाठ असतं, कागदावरचा दर वेगळा आणि खात्यात येणारा वेगळा. लिहिण्यात पण तसंच आहे. वेबसाइटवर लेख चढवणं, फोटो शोधणं, दोन ओळींचं काम सांगायला अर्ध्या तासाचा कॉल, आणि सगळ्यात मोठं म्हणजे बदल. "जरा टोन बदला", "साहेबांना आवडलं नाही", "आता हॉटेलऐवजी रिसॉर्ट म्हणूया". एक रुपयाचा दर चौथ्या बदलानंतर ५० पैशावर आलेला असतो आणि आपल्याला कळत पण नाही.

म्हणून दर सांगतानाच सांगायचं, यात दोन वेळा बदल धरलेत, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. माझी चूक असेल, माहिती चुकली असेल तर कितीही वेळा फुकट. पण तुमचा विचार बदलला तर नाही. फायवरसारख्या साइटवरनं काम घेत असाल तर तिथं कमाईतले २० टक्के साइट ठेवून घेते, ती पण तोडणी-वाहतूकच, दर काढताना आधी धरा.

"एआय फुकटात लिहितंय की, तुम्हाला कशाला पैसे?"

हा प्रश्न आता रोजचा आहे आणि त्याला रागावून उत्तर देण्यात अर्थ नाही. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसमोर आलं आणि त्यानंतर साध्या कामांचे दर खरंच पडले, ज्या मजकुरात नवीन काहीच नव्हतं तो लिहायला आता माणूस लागत नाही. मी पण वापरते, मुद्दे लावायला, शीर्षकं सुचवायला. त्यात वाचलेला वेळ मी दरात कमी करते, तेवढा प्रामाणिकपणा पाहिजे.

पण एक नवीन प्रकार निघालाय. मशिननं लिहिलेला मजकूर पाठवतात आणि म्हणतात, "लिहिलेलंच आहे, फक्त माणसानं लिहिल्यासारखं करून द्या", शब्दाला १० पैसे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि गदारोळ झाला, त्यानंतर माझ्याकडं चपलेवरचा असाच एक मशिनचा मजकूर आला होता. त्यात लिहिलेलं की कोल्हापुरी चपलेचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, फक्त कोल्हापूर जिल्ह्याचं आहे. खरं म्हणजे २०१९ साली मिळालेलं ते मानांकन महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार अशा आठ जिल्ह्यांचं आहे. कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) आणि साध्या चपलेतला फरक उलटा लिहिला होता. मी शेवटी कोल्हापुरातल्या चप्पल लाइनला, चपलांच्या बाजारात, जाऊन दोन कारागिरांशी बोलून आले, कातडं कुठलं, शिवण कशी, करकर आवाज कशानं येतो. सगळं धरून सहा तास गेले, नवीन लेखाला लागले असते त्यापेक्षा एक तास जास्त.

म्हणजे दर शब्दावर किंवा "लिहिलेलंच आहे" यावर ठरत नाही, तासावर ठरतो. मशिनच्या मजकुराची जबाबदारी आपण घेणार असू तर तपासायला लागणारे तास मोजायचे. न तपासता नुसतं भाषेवरनं हात फिरवून द्यायचं काम मी घेत नाही, कारण खाली चूक छापली गेली तर ती वाचणाऱ्याची फसवणूक आहे.

"दुसरी कमी दरात करते, आणि तू तर नवीन आहेस"

करत असेल. तिला तिचा हिशोब मांडायला सांगा, बऱ्याचदा तिनं मांडलेलाच नसतो. क्लायंटचं बजेट खरंच लहान असतं हे पण मला मान्य आहे, रंकाळ्याजवळ चार टेबलांचं हॉटेल चालवणारा माणूस कुठनं आणणार पैसे. तिथं मी दर कमी करत नाही, काम कमी करते. दहा पानांऐवजी तीन पानं चांगली लिहून देते. त्याचं पण भागतं, माझं पण.

नमुना लेख द्यायला हरकत नाही, पण तुम्ही स्वतः निवडलेल्या विषयावर, एकदाच लिहून ठेवलेला, तोच सगळ्यांना दाखवायचा. त्यांच्याच विषयावर, त्यांच्याच वस्तूवर हजार शब्द फुकट मागत असतील तर तो नमुना नव्हे, ते काम आहे.

मळी आणि बगॅस कुणाची?

उसातनं फक्त साखर निघत नाही. मळीतनं इथेनॉल, बगॅसवर वीज. लेखाचं पण तसंच होतं. एकदा लिहिलेल्या लेखातनं क्लायंट फेसबुकच्या पोस्टी काढतो, व्हिडिओची स्क्रिप्ट करतो, छापील माहितीपत्रक काढतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत लिहिलेलं असेल तर सहसा हक्क मालकाचा, पण फ्रीलान्सरनं लिहिलेल्याचा पहिला हक्क लिहिणाऱ्याचाच असतो, जोपर्यंत तो लेखी देऊन टाकत नाही. लेखी म्हणजे लेखीच, तोंडी चालत नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं धरलं जातं. वेबसाइटच्या कामात बहुतेकदा सगळे हक्क द्यावेच लागतात, त्याला माझी ना नाही, पण दिले तर त्याची किंमत दरात यायला पाहिजे. तुमचं नावही येणार नसेल तर आणखी थोडी.

१४ दिवस, ४५ दिवस

ऊस घातल्यापासून १४ दिवसात पैसे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, हा नियम आहे. दुधाचं बिल दहा दिवसाला. आणि लेखाचं? एका क्लायंटनं माझे १८ हजार सात महिने अडकवले होते, माझ्याकडं पुरावा म्हणून फक्त व्हॉट्सअ‍ॅपचं बोलणं. ते सात महिने आठवले की अजून त्रास होतो.

तेव्हा माहीत नव्हतं ते आता सांगते. केंद्र सरकारची उद्यम नोंदणी आहे, ऑनलाइन, आधारवर, पूर्ण फुकट, आणि ती सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही करता येते. काम घेण्याच्या आधी ती करून ठेवा. २००६ च्या लघुउद्योग कायद्यात असं आहे की लेखी करार नसेल तर १५ दिवसात आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसात लहान उद्योगाचे पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून असं झालंय की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च, पैसे देईपर्यंत, आयकरात दाखवता येत नाही. त्यामुळं बिलावर उद्यम नंबर दिसला की मोठ्या कंपन्यांचे हिशोबनीस जरा लवकर हलतात, हे मी अनुभवलंय. आणि नवीन क्लायंट असेल तर निम्मे पैसे आधी, यात लाजायचं काही नाही.

बिलातनं टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, कापला तर घाबरू नका, तो तुमच्याच नावावर सरकारकडं जमा होतो आणि रिटर्न भरल्यावर जास्त कापलेला परत मिळतो. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की, तिथपर्यंत आत्ता विचार नको.

तिनं पाठवलेला मेसेज

शेवटी आम्ही दोघींनी मिळून एक मेसेज लिहिला. "नमस्कार. हजार शब्दांचा, स्वतः माहिती शोधून लिहिलेला लेख ७०० रुपये. यात दोन वेळा बदल धरले आहेत. निम्मी रक्कम कामाआधी, उरलेली लेख दिल्यापासून १५ दिवसात. लेख कमी घेतलेत तरी चालेल, दर हाच राहील." यात विनंती नाही, माफी नाही, "परवडत असेल तर बघा" असं पण नाही, ते तिनं आधी लिहिलं होतं, मी काढायला लावलं.

परवा तिचा परत मेसेज आला. त्या ग्रुपवाल्यानं आधी काहीच उत्तर दिलं नव्हतं, आता ४० पैशावर आलाय, काय करू म्हणून विचारत होती. मी म्हटलं तुझे तास आणि तुझा आकडा आता तुझ्याकडं आहेत. तिनं अजून त्याला काही कळवलेलं नाही. सध्या ती मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या वेबसाइटची चार पानं लिहितेय, पानाला ७०० रुपयांनी, आणि निम्मे पैसे आधी घेतलेत.